आमवाताच्या रुग्णांनी लस घ्यावी का?

"डॉक्टर, माझी प्रतिकारशक्ती आधीच माझ्यावर उलटली आहे. लस टोचून तिला आणखी का चेतवायचं?" आमवाताने त्रस्त असलेल्या एका शिक्षिकाबाईंनी विचारले. प्रश्न रास्त होता.

आमवातात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. तिला आवरण्यासाठी मेथोट्रेक्सेट, प्रेडनिसोलोन अशी औषधे द्यावी लागतात. त्यामुळे बाहेरच्या जंतूंशी लढण्याची ताकदही घटते. साधा फ्लू छातीत उतरून न्यूमोनिया होण्याची भीती असते. नागीणही या रुग्णांना अधिक उठते. लशीनंतर दंड दुखतो, कणकण येते, सांधेही दोन दिवस कुरकुरतात. पण आजार जोरात उसळणे क्वचितच घडते.

तेव्हा कोणती लस आणि केव्हा, हे पाहायचे. फ्लूचे इंजेक्शन, न्यूमोकोकल, हिपॅटायटिस बी, धनुर्वात या लशींत जिवंत जंतू नसतात. त्यांच्यामुळे तो रोग होऊच शकत नाही. भारतात २०२३ मध्ये आलेली नागिणीची लसही याच प्रकारची. याउलट गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर यांच्या लशींत दुबळे केलेले, पण जिवंत जंतू असतात. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू असताना त्या सहसा टाळतात. द्यायच्याच तर औषधे सुरू होण्यापूर्वी किमान चार आठवडे.

अशा औषधावर असलेल्या रुग्णाच्या पत्नीने किंवा मुलांनी मात्र फ्लूची लस जरूर टोचून घ्यावी. घरातूनच तर आजार येतो!

फ्लूच्या लशीनंतर मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबविल्यास लस अधिक चांगली लागू पडते. पण आजार आटोक्यात असेल तरच, आणि तेही आपल्या डॉक्टरांनी सांगितले तर. प्रेडनिसोलोन मनाने बंद करणे तर जिवावर बेतू शकते. रिटुक्सिमॅबचे इंजेक्शन ठरले असेल तर लशी आधी उरकाव्यात. नंतर कित्येक महिने त्या नीट लागू पडत नाहीत.

गरोदरपणी इन्फ्लिक्सिमॅबसारखी इंजेक्शने घेतलेल्या आईने बालरोगतज्ज्ञांना ते प्रसूतीपूर्वीच सांगावे. आपल्याकडे बी.सी.जी. जन्मतःच टोचतात आणि ती जिवंत लस आहे. अशा बाळाला ती काही महिने उशिरा देतात.

बाईंनी त्यांच्या तज्ज्ञांना विचारून पावसाळ्यापूर्वी फ्लूची लस घेतली, आठवड्याच्या दोन गोळ्या चुकविल्या. दंड एक दिवस दुखला. न्यूमोकोकलची लस कधी घ्यायची, हे विचारायला त्या पुढच्या महिन्यात येणार आहेत.