घरात साचणारा वायू : रेडॉन

मोशीच्या दगडखाणीत उभे राहिले, की चोहीकडे काळा कातळ दिसतो. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण हा कारखान्यांचा सारा पट्टा याच बेसाल्ट खडकावर वसला आहे. या मुक्या कातळातून एक किरणोत्सर्गी वायू सतत बाहेर पडत असतो, असे सांगितले तर तुम्हाला नवल वाटेल. त्या वायूचे नाव रेडॉन.

प्रत्येक खडकात व मातीत युरेनियमचा अत्यल्प अंश असतो. त्याचा ऱ्हास होत होत रेडियम बनते आणि रेडियमपासून रेडॉन. युरेनियम व रेडियम हे घन पदार्थ खडकातच अडकून राहतात. रेडॉन मात्र वायू. तो मातीच्या छिद्रांतून वर येतो आणि जमिनीच्या भेगांतून घरात शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. उघड्यावर तो वाऱ्यात विरून जातो. बंद खोलीत साचतो.

रेडॉनचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे आहे. त्यापासून बनणारे पोलोनियमचे अणू धुळीला चिकटून श्वासाबरोबर फुप्फुसात जातात व तेथे अल्फा कण सोडतात. अल्फा कण साध्या कागदानेही अडतात. पण फुप्फुसाच्या नाजूक अस्तराला असे कवच नसते. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल रेडॉनचा क्रम लागतो. धूम्रपान करणाऱ्याला तर त्याचा धोका कित्येक पटींनी अधिक.

१९८४ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात एका अणुवीज केंद्रातील अभियंता कामावर येतानाच किरणोत्साराची घंटा वाजू लागली. शोध घेता उगम केंद्रात नव्हे, त्याच्या राहत्या घरात सापडला. तो होता रेडॉन!

आता थोडे गणित करू. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील हवेसाठी दर घनमीटरला १०० बेकेरेल ही पातळी सुचवली. एक बेकेरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा ऱ्हास. दहा फूट लांब, रुंद व उंच खोलीचे घनफळ सुमारे २८ घनमीटर. म्हणजे तेथे सेकंदाला २,८०० अणूंचा ऱ्हास होईल. अर्धायुष्यावरून हिशेब केला, तर खोलीत रेडॉनचे सुमारे १३३ कोटी अणू असतील. संख्या मोठी वाटते. पण त्या साऱ्यांचे वजन एका मिलिग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या निम्मेच!

इतका अल्प वायू मोजायचा कसा? खास प्लॅस्टिकच्या फितीचा तुकडा छोट्या डबीत ठेवून ती घरात सुमारे तीन महिने टांगतात. अल्फा कण फितीवर सूक्ष्म ओरखडे उमटवतात. प्रयोगशाळेत दाहक सोड्याच्या द्रावणात ते ठळक करून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात.

आपल्या भागापुरती दिलासा देणारी गोष्ट अशी, की बेसाल्टमध्ये युरेनियम ग्रॅनाइटपेक्षा बरेच कमी असते. परंतु घरातील पातळी केवळ खडकावर ठरत नाही. जमिनीच्या भेगा, मातीचा सच्छिद्रपणा आणि हवेची ये-जा यांवरही ती अवलंबून असते. म्हणून अंदाजापेक्षा मोजमाप बरे.

उपाय मात्र सोपा आहे. रेडॉनचा आपोआप होणारा ऱ्हास तासाला जेमतेम पाऊण टक्का; पण समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या, तर तासाभरात खोलीतील बरीचशी हवा बदलते. चाकणजवळच्या एखाद्या चाळीत एकाच खिडकीच्या खोलीत चारचार कामगार दारे लावून झोपतात. तेथे हे अधिकच महत्त्वाचे.

आज घरी गेल्यावर एवढे करा : तळमजल्याच्या जमिनीतील भेगा शोधा, त्या सिमेंटने बुजवायला सांगा आणि आपल्या खोलीत वारा कोठून येतो व कोठून जातो, याचा आराखडा वहीत काढा.