प्लास्टिकचं पिस्तूल कायद्यातून सुटतं का?

प्रश्न : माझा कॉलेजात शिकणारा भाचा घरच्या थ्रीडी प्रिंटरवर पिस्तुलाचे सुटे भाग छापायचं म्हणतो. ‘प्लास्टिकचं तर आहे मामा, कोण विचारतंय?’ हे त्याचं उत्तर. चालेल का?
– एक वाचक, भायखळा

उत्तर : मुळीच नाही, त्याला आजच थांबवा. शस्त्र अधिनियम, १९५९ हा लोखंड की प्लास्टिक ते विचारत नाही. स्फोटकाच्या जोरावर गोळी फेकण्यासाठी घडवलेली वस्तू म्हणजे अग्निशस्त्र, आणि तिचे सुटे भागही ‘शस्त्र’च. परवान्याशिवाय ते बनवायला कलम ५ मनाई करतं. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. बंदूक बाळगण्याचा परवाना असला, तरी घरी बनवण्याची मुभा त्यातून मिळत नाही. नकली पिस्तुलाचं खरं करणंही कलम ६खाली गुन्हाच.

चोपडा तालुक्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या उमर्टीत गावठी कट्टे घडवणाऱ्यांवर याच कायद्याने गुन्हे दाखल होतात. भट्टी असो वा प्रिंटर, कलम तेच. जपानमध्ये २०१४ साली अशी पिस्तुलं छापणाऱ्याला दोन वर्षांची कैद झाली.

काही छापून झालं असेल, तर कचऱ्यात टाकू नका. आधी फौजदारी वकिलाला गाठा आणि त्यांच्यासोबतच पोलीस ठाण्यात जा.