जाळं सांधणारा हात आणि शाळेतली वही



जाळ्याला भोक पडलं की आता आपण काय करतो? मोटारसायकल काढतो, बाजारातून तयार जाळं घेऊन येतो. जुनं जाळं काठावर नाहीतर पाण्यातच पडून राहतं. भालकीकडचा कारंजा जलाशय घ्या किंवा अफजलपूर-जेवर्गीकडचा भीमेचा काठ, चित्र एकच. सुई हातात धरून जाळं सांधणारी जी माणसं आपल्यात उरली आहेत, ती बहुतेक पन्नाशीच्या पुढची आहेत. त्यांच्या घरातली पोरं मोबाईलवर जाळ्याचे भाव बघू शकतात, पण तुटलेली आस भरू शकत नाहीत. म्हणून आज हातकामावर लिहितो आहोत.

हातकामाला किती किंमत येऊ शकते हे बघायला लांब जायला नको. आपल्या बीदरची बिदरी बघा. जस्त सोळा भाग आणि तांबं एक भाग, असा ओतीव धातू. साचा मातीचा, त्यात एरंडेल आणि राळ मिसळलेली. ओतलेलं भांडं घासून गुळगुळीत करतात, मोरचुदाच्या पाण्यानं तात्पुरतं काळं करतात म्हणजे त्यावर काढलेली रेघ दिसते. मग छिन्नीनं खोदकाम, त्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची, परत घासायचं. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर एकत्र करून ते भांड्याला लावतात. धातू कायमचा काळाभोर होतो, चांदी मात्र तशीच पांढरी राहते. ती माती कुठलीही चालत नाही. किल्ल्याच्या ज्या भागाला ऊन-पाऊस लागलेला नाही तिथली लागते, आणि जुने कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात. अशी पारख पुस्तक वाचून येत नाही, पारखणाऱ्याच्या शेजारी बसावं लागतं.

बहमनी काळापासून चालत आलेल्या या कामाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. ही विद्या त्यांच्या घरात बापाकडून मुलाकडं आलेली. आता कुणी म्हणेल, बिदरी म्हणजे दिवाणखान्यातली वस्तू, आपलं जाळं चिखलातलं. त्यांची आणि आपली काय बरोबरी? किमतीची बरोबरी नाहीच. पण दोन्हीकडं विद्या हातात असते आणि एक पिढी बसली नाही की संपते.

दुसरी गोष्ट बसवकल्याणची. बाराव्या शतकात तिथं जमलेले शरण आपल्या धंद्याच्या नावानंच ओळखले जात. अंबिगर चौडय्या नावाडी, म्हणजे आपलाच माणूस. मेदार केतय्या बांबूकाम करणारे. नुलिय चंदय्या गवताचे दोर वळणारे. चंदय्यांची कथा आपल्याकडं सांगतात ती अशी: पाण्याकाठी गवत कापताना त्यांचं लिंग पाण्यात पडलं, तरी ते उचलायला ते थांबले नाहीत, हातातलं काम आधी म्हणाले. शेवटी मडिवाळ माचय्यांना मध्ये पडावं लागलं. कथा आहे, खरी किती ते सोडा. दोर वळणं हे पूजेपेक्षा कमी नाही, असं ज्या गावात ठासून मांडलं गेलं ते गाव आपल्या जिल्ह्यात आहे, आणि आपली पोरं मात्र बापाचा धंदा सांगायला लाजतात.

शाळेचं काय? गांधीजींनी ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला परिषद घेतली आणि हस्तोद्योगातून शिक्षण द्यावं असं मांडलं. झाकीर हुसेन यांच्या समितीनं त्याचा अभ्यासक्रम केला. तीच नई तालीम. टीका तेव्हाही झाली, आणि एक शंका आम्हालाही रास्त वाटते: कष्टकऱ्याच्या पोराला परत कष्टच शिकवायचे का? त्याला वही-पुस्तक नको का? हवंच. मासेमारीसाठी पोरांना शाळेतून काढणाऱ्यांच्या बाजूनं आम्ही कधीच उभे राहणार नाही. पण हातकाम शिकलं तर डोकं मागं राहतं हा समज चुकीचा आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडं शिकावं, असं म्हटलं आहे. त्यात सुतार, कुंभार, माळी यांची नावं आहेत. जाळं विणणाऱ्याचं नाव नाही, ते आपणच सुचवायला हवं.

डोक्याचा मुद्दा निघालाच आहे तर जाळं सांधायचं गणित बघा. जाळ्याच्या प्रत्येक गाठीतून चार धागे निघतात, त्यांना पाय म्हणू. भोक जसं फाटलं तसं भरता येत नाही, आधी कडा कापून नीट करावी लागते. कापताना भोकाच्या वरच्या टोकाला एक गाठ अशी ठेवायची की तिचे तीन पाय शिल्लक राहतील. खालच्या टोकालाही तशीच एक. कडेच्या बाकी सगळ्या गाठींना दोन-दोन पाय. वरच्या तीन पायांच्या गाठीपासून धागा बांधून सुरुवात केली, ओळीनं डावीकडून उजवीकडं, मग उलट असं विणत आलं, की शेवट बरोबर खालच्या तीन पायांच्या गाठीवर होतो. मध्ये धागा तोडावा लागत नाही.

असं का होतं? धागा एखाद्या गाठीत येतो आणि तिथून पुढं जातो, म्हणजे तिला दोन पाय मिळतात. फक्त सुरुवातीच्या आणि शेवटच्या गाठीला एकच मिळतो. म्हणून त्या दोन गाठींनाच एक पाय कमी हवा. ऑयलर नावाच्या गणितज्ञानं 1736 च्या सुमारास कोनिग्सबर्ग शहरातल्या नदीवरच्या सात पुलांचं कोडं याच सम-विषमच्या हिशोबानं सोडवलं होतं: प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरता येईल का? तिथं येत नव्हतं. आपल्या जाळ्यात येतं, कारण आपण कापतानाच तशी सोय करतो. आपल्या आज्या हे न शिकता करत होत्या. पोराला हे जाळ्यावर दाखवा आणि मग वहीत काढायला सांगा.

आसाचा हिशोबही तसाच. विणताना धागा पट्टीभोवती फिरतो, त्यामुळं ताणून मोजलेली आस पट्टीच्या रुंदीच्या दुप्पट येते. चार इंची आस हवी तर पट्टी दोन इंच रुंद घ्या. आस मोजताना जाळं ओलं करून, ताणून, गाठीपासून गाठीपर्यंत मोजा. बारीक आसाच्या जाळ्यात कटला-रोहूची पिल्लं अडकतात आणि पुढच्या वर्षीचं उत्पन्न आपणच खातो. तयार जाळं घेताना दुकानदार सांगेल ते खरं मानू नका, पट्टी खिशात ठेवा.

एकतारी नायलॉन निसरडं असतं, त्यावर साधी गाठ सरकते. तिथं दुहेरी गाठ मारायची. जुन्या सुती धाग्याला याची गरज नव्हती, म्हणून जुनी माणसंही इथं कधी कधी अडतात.

उन्हाळी सुट्टीत गावोगावी दोन-दोन तासांच्या बैठका घ्याव्यात असा विचार आहे. शिकवणारे आपलेच ज्येष्ठ, पुरुष आणि बायका दोघेही. त्यांना दिवसाची मजुरी द्यावी असं आमचं मत आहे, फुकट शिकवा म्हणणं बरं नाही. येताना फाटकं जाळं, कात्री आणि पट्टी आणावी. हरिगोलु, म्हणजे बांबूची गोल होडी, अजून हातानं बांधणारं कुणी आपल्या गावात असेल तर तेही कळवा. आणि घरात जुनी लाकडी सुई असेल तर तिचा फोटो खाली टाका, गावाचं नाव लिहून.