शाळा कोणाची?

गावच्या हायस्कुलाची घंटा वाजली, की तिचा नाद शिवारापर्यंत पोहोचतो. कामात गढलेला शेतकरी क्षणभर मान वर करून पाहतो आणि पुन्हा कामास लागतो. चुलीपुढे बसलेली आई घाईघाईने भाकरी फडक्यात बांधून मुलीच्या हाती देते. मुले धावत शाळेत शिरतात आणि त्यांच्यामागे फाटक लागते. फाटकाच्या आत शाळा व बाहेर गाव, अशी जणू एक रेघच ओढली जाते. मग ही शाळा कोणाची? सरकारची, संस्थेची, शिक्षकांची, की फाटकाबाहेर राहिलेल्या त्या आईबापांची?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील एका थोर पुरुषाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी शोधले. ते उत्तर त्यांना मूठभर धान्यात सापडले.

या पुरुषाचे नाव भाऊराव पायगोंडा पाटील. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी २२ सप्टेंबर १८८७ रोजी त्यांचा जन्म झाला. पुढे लोक त्यांना आदराने ‘कर्मवीर’ म्हणू लागले. त्या काळी खेड्यातील बहुतेक मुलांस शिक्षण दुर्मिळ होते. शाळा दूरच्या गावी असे; तेथे राहावे कोठे आणि खावे काय, या विचारानेच मुलाचे पाऊल अडे. भाऊराव आणि त्यांचे सहकारी यांनी १९१० च्या सुमारास वारणाकाठच्या दुधगाव येथे विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला. मुले आली, परंतु त्यांच्या पोटाची सोय कशी करावी? पैसा तर कोणापाशीच नव्हता. तेव्हा ‘मुष्टिफंडा’ची योजना निघाली. घरातील गृहिणीने रोज मूठभर धान्य आश्रमासाठी बाजूला काढून ठेवावे आणि साठलेले धान्य आश्रमात पोहोचते व्हावे, अशी ती साधी योजना होती.

मूठभर धान्य ते काय! ते दिल्याने कोणतेही घर उपाशी राहत नाही. परंतु शंभर घरांच्या शंभर मुठी एकत्र झाल्या, की कित्येक ताटे भरतात. याहूनही मोठी गोष्ट अशी, की जी माउली रोज सकाळी त्या मुलांसाठी मूठ बाजूला काढते, तिला ती मुले परकी वाटत नाहीत. ‘आज पोरं जेवली का? अभ्यास नीट चालला आहे ना?’ असे ती आपण होऊन विचारू लागते. अक्षरओळख नसलेली ती स्त्री अशा रीतीने शिक्षणाच्या कार्यात सहभागी होते. आज ज्यास पालकांचा सहभाग म्हणतात, त्याचे बीज या मुठीत होते.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी भाऊरावांनी ‘रयत शिक्षण संस्थे’ची स्थापना केली. रयत म्हणजे सामान्य प्रजा, कष्टकरी लोक. हे नाव विचारपूर्वक ठेवलेले होते; ज्यांच्या घामावर गाव उभे असते, त्यांची ही संस्था, असा त्याचा आशय. १९२४ साली संस्थेचे कार्य साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंक्तीस जेवत. ज्या काळी कित्येकांस पाणवठ्यावर पाणी भरण्याचीही मनाई होती, त्या काळातील ही गोष्ट आहे. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी या वसतिगृहास भेट दिली. त्यांच्या हस्ते त्यास ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नाव देण्यात आले.

वसतिगृह चालवणे सोपे नव्हते. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्या मुलांच्या आईच झाल्या होत्या. मुलांच्या खर्चासाठी त्यांचे दागिने एकामागून एक गेले. एकदा भाऊराव परगावी असताना घरातील धान्य संपले. मुले उपाशी राहण्याची वेळ आली. तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र देऊन धान्य आणवले आणि मुलांस जेवू घातले. सौभाग्यलेणे गळ्यातून उतरवताना त्या माउलीच्या मनात काय कालवाकालव झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी. १९३० साली लक्ष्मीबाईंचे निधन झाले. परंतु त्यांनी वाढलेल्या अन्नावर शिकलेली मुले आपापल्या गावी गेली आणि तेथे विद्येचा प्रसार करू लागली.

१९४० साली साताऱ्यास ‘महाराजा सयाजीराव हायस्कूल’ सुरू झाले. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर तेथील विद्यार्थी श्रम करून शिकत. महात्मा गांधींच्या निधनानंतर, १९४८ साली, त्यांच्या स्मरणार्थ एकशे एक हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. हा संकल्प एकट्याच्या बळावर तडीस जाणारा नव्हता. कित्येक गावी प्रथम इमारत नसे. मग देवळाच्या ओवरीत, चावडीत किंवा धर्मशाळेत वर्ग भरत. कोणी जमीन देई, कोणी दगड, कोणी लाकूड. ज्याच्यापाशी यांपैकी काहीच नसे, तो आपल्या अंगचे श्रम देई. अशा शाळेची भिंत पावसात खचली, तर ‘शाळेची भिंत पडली’ असे कोणी म्हणत नसे. ‘आपली भिंत पडली’ असे म्हणून गावकरी फावडे घेऊन येत.

काळ पालटला. आता शिक्षण हा मुलांचा कायदेशीर हक्क झाला आहे. २००९ साली संमत झालेल्या शिक्षण हक्काच्या कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांसाठी शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद केली. या समितीचे निदान तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांपैकी निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. खाजगी शाळांच्या शुल्कासंबंधी महाराष्ट्राने २०११ साली जो कायदा केला, त्यात वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांच्या आत पालक-शिक्षक संघ स्थापन करावा, असे सांगितले आहे. शाळेत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाचे पालक या संघाचे सभासद असतात. पूर्वी जे गावाच्या आपुलकीवर अवलंबून होते, त्यास आता कायद्याचा आधार मिळाला.

परंतु कायदा पालकांस केवळ खुर्ची देऊ शकतो. त्या खुर्चीवर बसून करावयाचे काम ज्याचे त्यानेच करावे लागते. पिण्याचे पाणी स्वच्छ आहे काय, मुलींसाठी शौचालय आहे काय, आठवडाभर गैरहजर असलेल्या मुलाच्या घरी कोणी जाऊन आले काय, हे पाहणे पालकांचे कर्तव्य आहे. कोणी सुतार पालक मोडके बाक दुरुस्त करतो. कोणी परिचारिका असलेली आई मुलींस आरोग्याच्या चार गोष्टी समजावून सांगते. वर्गात कसे शिकवावे हे शिक्षकांचे क्षेत्र. तेथे पालकांनी उगाच ढवळाढवळ करू नये. त्याचप्रमाणे, मळक्या कपड्यांनी आलेल्या पालकास दाराशी ताटकळत ठेवू नये, हे शाळेनेही जपले पाहिजे. सभा दुपारी ठेवली, तर मजुरी करणाऱ्या आईबापांचा रोज बुडतो आणि मग ‘पालक येतच नाहीत’ अशी तक्रार होते. तीच सभा दिवेलागणीनंतर ठेवली, तर अंगण भरून जाते.

मूठभर धान्याची ती जुनी गोष्ट आजही संपलेली नाही. बीड जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी घर सोडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते; नवराबायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. हे मजूर साखर कारखान्यांच्या परिसरात पालांत राहतात आणि उन्हाळा लागताच परततात. मुले बरोबर गेली, तर ऐन अभ्यासाच्या दिवसांत त्यांची शाळा सुटते. एकदा सुटलेली शाळा पुन्हा धरणे फार कठीण जाते. थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड येते आणि तिची पुस्तके कोनाड्यातच राहतात.

यावर उपाय म्हणून ‘हंगामी वसतिगृहे’ निघाली. सरकार खर्चासाठी अनुदान देते आणि शाळा व्यवस्थापन समिती, म्हणजेच गावातील पालक, शिक्षकांच्या मदतीने व्यवस्था पाहते. मुले आजीआजोबांपाशी किंवा नातलगांकडे गावातच राहतात. त्यांच्या जेवणाची सोय शाळेच्या आधाराने होते. आईबाप कोसो दूर उसाच्या फडात असतात. पण आपले मूल आज जेवले असेल, शाळेत बसले असेल, हा विश्वास त्यांच्या उशाशी असतो. जेथे समिती जागरूक असते, तेथे ही मुले वर्षअखेरच्या परीक्षेस बसतात. जेथे समिती कागदावरच राहते, तेथे बाक रिकामे पडतात. दुसऱ्याच्या मुलाची काळजी आपली मानणारा पालक गावात आहे की नाही, यावरच सारे ठरते.

रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वडाच्या पारंब्या प्रथम फांदीवरून लोंबकळतात आणि तिच्याच आधाराने जगतात. परंतु जमिनीत रुजल्यावर त्या खांबांसारख्या भक्कम होतात आणि ज्या फांदीने त्यांस वाढवले, तिलाच पेलून धरतात. शाळेत शिकलेली मुले उद्याचे पालक होणार आहेत. त्या वेळी फाटकाबाहेर उभे राहून ‘शाळा कोणाची?’ असे विचारण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये. त्यांनी आत यावे आणि आपला खांदा द्यावा.

स्वाध्याय

१. मुष्टिफंडाची योजना कशी होती? तिच्यामुळे धान्याखेरीज आणखी कोणता लाभ झाला?

२. लक्ष्मीबाईंच्या त्यागाचा प्रसंग आपल्या शब्दांत लिहा.

३. ‘शाळेची भिंत पडली’ आणि ‘आपली भिंत पडली’ या दोन वाक्यांतील भावनेचा फरक स्पष्ट करा.

४. पुढील शब्दप्रयोगांचे अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : संकल्प सोडणे, तडीस जाणे, कालवाकालव होणे, ढवळाढवळ करणे.

५. आपल्या शाळेच्या पालकसभेत कोणत्या विषयावर चर्चा व्हावी असे वाटते? मुख्याध्यापकांस त्याविषयी पत्र लिहा.