पाळीतली असह्य वेदना : एंडोमेट्रिओसिस समजून घेऊ या

पाड्यावर फिरता दवाखाना लागला, की मी बायकांना एक प्रश्न हमखास विचारते : "पाळीत कामाचा खाडा होतो का?" बऱ्याच जणी म्हणतात, "ते तर बाईच्या जातीला असतंच, सिस्टर." पाळीत थोडे पोट दुखणे स्वाभाविक आहे. पण दर महिन्याला शाळा बुडते, लावणीला जाता येत नाही, साध्या गोळीने आराम पडत नाही, तर त्यामागे आजार असू शकतो. एंडोमेट्रिओसिस हा त्यांपैकी एक. जगात मूल होण्याच्या वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना तो होतो.

आजार काय आहे?

गर्भाशयाच्या आत एक अस्तर असते. ते दर महिन्याला जाड होते आणि गर्भ राहिला नाही, की पाळीवाटे बाहेर पडते. या आजारात तशाच पेशी गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, ओटीपोटात, कधी आतड्यावर वाढतात. पाळीत तिथेही सूज येते, रक्त झिरपते. पण त्याला बाहेर पडायला वाट नसते. म्हणून वेदना होतात, अवयव एकमेकांना चिकटतात, काहींना दिवस राहायला अडचण येते. हा संसर्ग नव्हे, करणी नव्हे आणि बाईचा दोषही नव्हे.

काय विचारावे?

१९८९ साली डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोग होते. त्याआधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. बाई आपण होऊन सांगत नाही, म्हणून आशाताईंनी आणि वसतिगृहाच्या ताईंनी विचारावे : पाळी सोडूनही ओटीपोट दुखते का? पाळीत शौचाला किंवा लघवीला दुखते का? संबंधाच्या वेळी दुखते का? एकाही प्रश्नाला "हो" आले, तर तिला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. सोनोग्राफीत काही दिसले नाही, म्हणून आजार नाहीच असे समजू नये. ओटीपोटाच्या क्षयरोगातही अशीच लक्षणे दिसू शकतात. तीही शंका डॉक्टरांकडून दूर करून घ्यावी.

उपचार

आजार मुळापासून घालवणारे औषध नाही. पण वेदना आटोक्यात राहते. वेदनाशामक गोळी जेवणानंतर, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्यावी. हार्मोनच्या गोळ्यांनी किंवा हार्मोनयुक्त तांबीने पाळी कमी होते आणि दुखणेही. मूल हवे असेल किंवा सिकलसेल असेल, तर ते आधीच सांगावे, कारण त्यावर औषधाची निवड ठरते. औषधाने भागले नाही, तर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करतात. तरीही आजार पुन्हा उद्भवू शकतो. "पिशवी काढून टाका" हा पहिला उपाय नव्हे. आजार पिशवीच्या बाहेर असतो, त्यामुळे पिशवी काढूनही वेदना राहू शकते.

माझी एक विनंती आहे. प्रत्येक वसतिगृहात कॅलेंडर ठेवा. पाळीत ज्या दिवशी मुलीला उठवत नाही, त्या दिवशी तिने खूण करावी. सलग तीन महिन्यांच्या खुणा घेऊन तिला दवाखान्यात आणा. लाजेने जे बोलवत नाही, ते डॉक्टरांना त्या कागदावरून कळते.