खरी द्राक्षवेल आणि माळ्याची कात्री

पुनरुत्थान काळातील पाचव्या रविवारी, ब वर्षात, आपण योहानकृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातील द्राक्षवेलीचा दृष्टान्त ऐकतो. प्रभू येशू वेल आहे, आपण फाटे आहोत आणि पिता माळी आहे. फळ न देणारा फाटा काढून टाकला जातो, हे आपल्याला समजते. पण फळ देणाऱ्या फाट्यालाही माळी छाटतो, हे ऐकून मन थबकते. चांगल्या फाट्यावर कात्री कशासाठी? याचे उत्तर द्राक्षबागेत मिळते.

वर्षातून दोन छाटण्या

पवित्र भूमीत हिवाळ्यात वेलीची पाने गळतात, वेल विश्रांती घेते आणि तिची मुख्य छाटणी वर्षातून एकदा होते. आपल्या नाशिक, निफाड, दिंडोरीकडे तेवढी थंडी नसते. म्हणून येथील बागायतदार दोनदा छाटणी करतात.

पहिली एप्रिलच्या सुमारास, काढणी झाल्यावर. तिला ‘खरड छाटणी’ म्हणतात. ओलांड्यावरच्या काड्या एक-दोन डोळे राखून कापतात. बाग अगदी उघडी पडते. या छाटणीतून फळ मिळत नाही, नव्या काड्या मिळतात. पुढच्या दीड-दोन महिन्यांत त्या काड्यांच्या डोळ्यांत घडांची घडण सुरू होते. बाहेरून काहीच दिसत नाही. या दिवसांत डोळ्यांना ऊन मिळावे म्हणून दाट फूट विरळ करावी लागते.

दुसरी ऑक्टोबरच्या सुमारास, ‘गोडी छाटणी’. त्याच काड्या ठरावीक डोळ्यांवर छाटल्या की नव्या फुटीबरोबर घड बाहेर येतात आणि चार-पाच महिन्यांत द्राक्षे तयार होतात.

न छाटलेली वेल मरत नाही. उलट ती खूप पसरते, पण सारी शक्ती पानांत जाते. आपलेही असे होते. कामे, बैठका, बोलणे वाढते. प्रेम आणि क्षमा मात्र थोडीच लागते.

प्रत्येक घाव छाटणी नव्हे

येथे एक काळजी घेऊया. कोणाच्या घरी मृत्यू किंवा मोठे आजारपण आले की आपण सहज म्हणतो, ‘देव तुमची छाटणी करतो आहे.’ हे बोलणे दुःखितांना जखम करते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने नाशिकसह राज्यातील अनेक जिल्ह्यांत द्राक्षबागा झोडपल्या. गारपिटीला कोणी शेतकरी छाटणी म्हणत नाही. छाटणी डोळे मोजून, वेलीला ओळखणाऱ्या हाताने होते. गारपिटीनंतर माळी मोडलेल्या बागेत उभा राहतो आणि वेल पुन्हा सावरतो.

शुभवर्तमानही हेच सुचवते. ‘छाटणे’ यासाठी तेथे जे ग्रीक क्रियापद आहे, त्याचा अर्थ ‘शुद्ध करणे’ असाही होतो. लगेच पुढे येशू शिष्यांना सांगतो की त्याच्या वचनामुळे ते शुद्ध झालेच आहेत. म्हणजे पित्याची कात्री आहे ती प्रभूचे वचन. ते आपला अहंकार, हेवा, जुने वैर कापते.

फळ कोणासाठी?

फाटा स्वतःची द्राक्षे खात नाही. द्राक्षे चिरडली जातात, किण्व म्हणजे यीस्ट रसातील साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते आणि वायू निघून जातो. सालीसकट आंबवले तर तांबडा द्राक्षारस होतो. साली आधीच काढल्या तर पांढरा. पुढे त्याला हवा लागू देत नाहीत, नाहीतर त्याचा शिरका होतो. मिस्साबलिदानासाठी द्राक्षारस द्राक्षांचाच, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा, असे ख्रिस्तसभेचा कायदा (कलम ९२४) सांगतो. धर्मगुरू त्यात थोडे पाणी मिसळतात. छाटणाऱ्या, तोडणाऱ्या, रस काढणाऱ्या किती हातांचे कष्ट त्या प्याल्यात असतात! तोच द्राक्षारस वेदीवर प्रभूचे रक्त होतो.

या आठवड्यासाठी

१. योहान १५:१-८ कुटुंबात मिळून वाचूया.
२. प्रभूचे वचन माझ्यातील कोणती वाढ कापू पाहते, हे प्रत्येकाने शांतपणे स्वतःला विचारूया.
३. आपल्या धर्मग्रामात गारपीट सोसलेले एखादे घर असेल, तर तेथे उपदेश न करता जाऊन बसूया.