एनसीसी : सही करण्यापूर्वी एवढं वाचा



पंधरा ऑगस्टला हायस्कूलच्या मैदानावर ध्वजाला मानवंदना देणारी खाकी गणवेशातली मुलं-मुली तुम्ही पाहिली असतील. तेच राष्ट्रीय छात्र सेनेचे, म्हणजे एनसीसीचे छात्र.

गेल्या वर्षी आमच्याकडून सातवी पास झालेल्या एका मुलीचे वडील मला भेटायला आले. हातात एनसीसीचा फॉर्म. म्हणाले, "मॅडम, पोरगी नाव द्यायचं म्हणतेय. सही केली तर तिला उद्या मिल्ट्रीत धाडतील काय?" हा प्रश्न बऱ्याच घरांत असतो. म्हणून आजचा हा पाठ.

सुरुवात कशी झाली?

पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अशा संघटनेची शिफारस केली होती. त्यानुसार १९४८ साली कायदा होऊन एनसीसी सुरू झाली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग निघाला. म्हणजे "हे पोरींचं काम नाही" असं कुणी म्हणालं, तर त्यांना १९४९ हे साल सांगा! पुढे हवाई दल आणि नौदलाचे विभागही आले. ध्वजावरचे लाल, गडद निळा आणि फिका निळा हे तीन रंग म्हणजे भूदल, नौदल आणि हवाई दल.

काय शिकवतात?

सावधान-विश्रामपासून कवायत, नकाशा वाचणे, प्रथमोपचार, रायफल हाताळणे. शिवाय रक्तदान जनजागृती, स्वच्छता, वृक्षारोपण अशी कामं. शाळेतलेच एक शिक्षक यासाठी खास प्रशिक्षण घेऊन येतात. ते प्रशिक्षण आपल्या नागपूरजवळच्या कामठीत होतं. शाळेतली दोन वर्षं, पुरेशी हजेरी आणि शिबिर पूर्ण केलं की 'ए' प्रमाणपत्राची परीक्षा देता येते. 'बी' आणि 'सी' पुढे महाविद्यालयात.

मग सैन्यात जावंच लागतं का?

नाही. एनसीसीत नाव दिल्याने सैन्यात जाण्याचं कोणतंही बंधन येत नाही, हे कायद्यातच आहे. मात्र ज्याला जायचं आहे त्याला मदत होते. 'सी' प्रमाणपत्र असलेल्या पात्र पदवीधरांसाठी लष्करात अधिकारी होण्याची वेगळी योजना आहे. तिच्यात लेखी परीक्षा नसते, पण मुलाखतीची कसोटी असतेच.

सक्ती की इच्छा?

आता एक महत्त्वाची गोष्ट. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एनसीसी सक्तीची केली होती. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली. आजही ती ऐच्छिकच आहे. मला वाटतं, तेच बरोबर आहे. पहाटे उठून बूट पॉलिश करायचे, उन्हात उभं राहायचं, शेजारच्याच्या पावलाशी पाऊल जुळवायचं, हे दुसऱ्याने लादलं तर शिक्षा होते. स्वतः निवडलं तर सवय होते. 'एकता आणि अनुशासन' हे एनसीसीचं ब्रीद आहे. त्यातलं अनुशासन शिट्टीने सुरू होतं, पण टिकतं ते मनाने.

म्हणून नुसता गणवेश छान दिसतो म्हणून नाव देऊ नका. मैत्रीण जाते म्हणूनही नको. अभ्यास सांभाळून परेडला वेळ देता येईल का, हे आधी घरी बोला. आणि पालकहो, मुलीने फॉर्म आणला तर "कशाला?" म्हणण्याआधी तिला "का?" असं विचारा.

त्या वडिलांनी हेच विचारलं. मुलगी म्हणाली, "मला चार लोकांसमोर न घाबरता उभं राहायचंय." त्यांनी तिथेच सही केली.

स्वाध्याय
१. एनसीसीच्या ध्वजावरील तीन रंग काय दर्शवतात?
२. एनसीसी ऐच्छिक असावी की सक्तीची? तुमचे मत पाच ओळींत लिहा.
३. शिस्त लागावी म्हणून तुम्ही स्वतःहून कोणती एक सवय लावून घ्याल?